वहिनीनं पुस्तकं तपासली तो उन्हाळा

मार्च संपत आला की नागपुरात घरोघरी कूलर पुसायला निघतात. जुनं गवत काढून कुणी नवं भरतं, कुणी वाळ्याच्या ताट्या लावतं. पहिल्यांदा पाणी सोडलं की त्या ओल्या वाळ्याचा वास घरभर होतो आणि मग दोन महिने आपण त्या वासातच राहतो. प्रताप नगरातल्या आमच्या गच्चीवर याच दिवसांत भिवापूरहून आलेल्या मिरच्या पसरलेल्या असतात. जिन्यात पाय ठेवला तरी शिंक येते. शाळेत परीक्षा चालू असतात. बाहेर रस्त्यानं जाणाऱ्या मुली स्कार्फनं तोंड असं बांधून घेतात की फक्त डोळे दिसावेत. हे सगळं दरवर्षीचंच. पण तीन वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यापासून मला या दिवसांत हटकून शोभावहिनी आठवते. ती पलीकडच्या खोलीतच असते, तरी आठवते.

शोभावहिनी माझ्या मोठ्या भावाची बायको. दादा भिवापूरला शेती बघतो, मिरची आणि थोडं सोयाबीन. मुलीच्या अकरावी-बारावीसाठी वहिनी माझ्याकडे राहायला आली. मुलगी पुढे शिकायला पुण्याला गेली, पण तोवर वहिनीला आमच्या शाळेत नोकरी लागली होती, म्हणून ती राहिली. दादा शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परततो. मी बेस्याकडच्या त्या शाळेत मराठी शिकवते. वहिनी तिथं परिचर होती. तिच्याकडे संगणकाची खोली होती. सकाळी कुलूप उघडायचं, फरशी पुसायची, मशीनवरची कापडं काढून घड्या घालायच्या आणि संध्याकाळी पुन्हा पांघरायच्या.

आमच्याकडे मशीन दुरुस्त करायला वानखेडे सर नावाचे एक गृहस्थ आठवड्यातून तीनदा यायचे. पन्नाशीचे, कमी बोलणारे. पहिल्याच वर्षी त्यांनी वहिनीला टॉर्च धरायला सांगितलं. ती धरता धरता बघायला लागली. मिरचीचे देठ खुडत वाढलेली तिची बोटं. गव्हाएवढा स्क्रू फटीत पडला तर सरांच्या आधी तिची बोटं तिथं पोचायची. नंतर नंतर सर आले की आधी तिलाच विचारायचे, "काल कसा आवाज येत होता?" आणि ती सांगायची, "चार नंबर सुरू होताना तीनदा वाजते, मग गप्प बसते." सर मेमरीची पट्टी काढायचे, खोडरबरनं तिची कड पुसायचे, परत बसवायचे. मशीन सुरू व्हायचं. हे चार-पाचदा पाहिल्यावर सहाव्यांदा वहिनीनं सरांची वाट पाहिली नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या मार्चमध्ये सरांना दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि ते गेले. मुख्याध्यापिका बाईंनी स्टाफरूममध्ये सांगितलं की संस्थेपुढे दोन वाटा आहेत. तंत्रज्ञाची प्रमाणपत्र परीक्षा पास झालेलं कुणी जून अखेर शाळा उघडायच्या आत मिळालं तर त्याला कायम घ्यायचं. नाही मिळालं तर सगळी खोली एका बाहेरच्या एजन्सीकडे द्यायची. एजन्सी आली की ती आपली माणसं आणणार, झाडूपोछ्यासकट. म्हणजे वहिनीचं काम जाणार, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं.

घरी आल्यावर ती भाजी निवडायला बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ताई, ते परीक्षा कोणीपण देऊ शकते का?"

मी म्हटलं, "देऊ शकते. पण इंग्रजीत असते वहिनी. आणि दोन पेपर असतात."

"तुम्ही नाही म्हणून राहिल्या का?"

"नाही म्हणत नाही गं. सांगतेय."

"मंग पुस्तक पाहू," ती म्हणाली, आणि भाजी धुवायला उठली.

तिची बारावी होऊन तेवीस वर्षं उलटलेली. तीही मराठी माध्यमातून. मी मनातल्या मनात हिशेब केला, दिवस किती, पानं किती, आणि हिशेब जुळेना. मी मग तेच केलं जे घाईत असलेली माणसं करतात. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी सांगितलं की या परीक्षेसाठी एक बारीक गाइड मिळतं, त्यात मागच्या लोकांनी लक्षात ठेवून आणलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं असतात. पाठ केलं की झालं. मी ते गाइड त्याच दिवशी मागवलं आणि वहिनीच्या हातात दिलं. बावीस वर्षं मी मुलांना सांगत आले की अपेक्षित प्रश्नसंच वाचू नका, धडा वाचा. हे मला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही.

वहिनीनं ते दोन दिवस वाचलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात माझ्यासमोर ठेवलं.

"ताई, आपलं सात नंबरचं मशीन माहीत हाय न? एप्रिल लागला की दुपारी बारानंतर आपोआप बंद पडते. सकाळी मस्त चालते. मी ह्या पुस्तकाले विचारलं, काहून बंद पडते?"

"मग?"

"ते म्हणते, पर्याय ब."

मी हसले. ती हसली नाही.

"ब म्हणजे मशीन तापते. ते मलेही माहीत हाय. पण काहून तापते, पहिले काय पाहाचं, पंखा का धूळ का ते आतलं वाळलेलं मलम, ते काहीच नाही. उद्या सर नाहीत, मशीन बंद, पोरं बसेल हायत, तर मी त्यायले पर्याय ब म्हणून सांगू का?"

ते गाइड मी शांतपणे रद्दीत ठेवलं.

रविवारी आम्ही बर्डीच्या बाजारात गेलो. एका गल्लीत जुन्या-नव्या पुस्तकांची दुकानं आहेत, त्यातलं एक तांत्रिक पुस्तकांचं. दुकानदार साठीचे, पांढरा सदरा, टेबलफॅनसमोर बसलेले. त्यांनी मला विचारलं, "बेटे के लिए चाहिए?" मी वहिनीकडे बोट दाखवलं. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि फळीवरून तीन पुस्तकं काढून ठेवली. मला तेव्हा त्यांचा सभ्यपणा वाटला तो हा की त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

वहिनीनं विचारलं, "काका, इथं बसायले जागा हाय का?"

त्यांनी एक स्टूल सरकवलं. ती बसली. मला वाटलं होतं दहा मिनिटांत होईल. मी मध्ये जाऊन लिंबूसरबत प्यायले, एक ब्लाउजपीस घेतला, परत आले, तरी ती तिथंच. तिची पद्धत एकच. पुस्तकाच्या मागची सूची उघडायची, आपला प्रश्न शोधायचा, ते पान काढायचं आणि वाचायचं. बोट ओळीखालून सरकत राहायचं. अडलं की ती वर बघायची आणि मला शब्द विचारायची. गंमत अशी की तांत्रिक शब्द तिनं मला एकदाही विचारले नाहीत. प्रोसेसर, सॉकेट, केबल, हे सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. ती अडायची ते 'अनलेस' आणि 'आदरवाइज' अशा शब्दांशी.

पहिलं पुस्तक गुळगुळीत कागदाचं, रंगीत चित्रांचं. वहिनीनं पान वाचलं आणि म्हणाली, "यात व्याख्या लय हायत." दुसरं हिंदीतलं. ते तिला आवडलं, वाचायला सोपं. पण परीक्षा इंग्रजीत, प्रश्न इंग्रजीत येणार, आणि हिंदीत शिकलेलं पुन्हा मनात उलटं करत बसायला वेळ नव्हता. तिनं ते बाजूला ठेवलं, पण हळूच, नाराजीनं. तिसरं विटेएवढं जाड, वापरलेलं, कोपरे मुडपलेले. आधीच्या मालकानं पेन्सिलीनं समासात लिहिलेलं. त्या पुस्तकात मशीन बंद पडण्याबद्दल दोन पानं होती. त्यातली पहिली काही वाक्यं मी तिला मराठीत सांगितली: मशीनला हात लावण्याआधी, त्यावर काम करणाऱ्या माणसाला विचारा की काल आणि आज यात काय बदललं. मग अंदाज बांधा. मग तो तपासा. मग दुरुस्ती. मग पुन्हा चालवून बघा. आणि शेवटी काय केलं ते लिहून ठेवा.

वहिनीनं त्या ओळींखालून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "हे लिहिणारा माणूस मशीनजवळ बसेल हाय, ताई."

कुठल्याही पुस्तकाबद्दल इतका नेमका अभिप्राय मी आयुष्यात ऐकला नाही. मी परीक्षणं वाचलेली आहेत, दोन-चार लिहिलेलीही आहेत. कोण कुठं बसून लिहितो हे पाहायचं असतं, हे मला त्या दुकानात, टेबलफॅनच्या आवाजात, बारावी झालेल्या माझ्या वहिनीनं सांगितलं.

आम्ही तेच घेणार होतो. पण दुकानदारांनी पुस्तक हातात घेतलं आणि मुखपृष्ठावरचा परीक्षेचा क्रमांक दाखवला. "बाई, ये पुराना है. परीक्षा बदल गयी. इसका पेपर अब होताच नहीं." त्यांनी सांगितलं की परीक्षा घेणारे दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलतात, आणि काय काय विचारणार याची यादी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट असते. पुस्तक घेण्याआधी ती यादी घ्या, असं ते म्हणाले. याच पुस्तकाची नवी आवृत्ती ते मागवू शकत होते, यायला आठ-दहा दिवस.

ते पुस्तक ते सहज खपवू शकले असते. आम्हाला काय कळणार होतं?

वहिनीचा चेहरा उतरला. आठ-दहा दिवस म्हणजे तिच्यासाठी फार होते. दुकानदारांनी ते ओळखलं असावं. त्यांनी ते जाड पुस्तक एका पिशवीत घातलं आणि तिला दिलं. "तब तक ये पढ़ो. नयी आयी तो ये वापस लाके देना." नाव-पत्ता काही विचारलं नाही.

मी शाळेच्या प्रिंटरवर ती यादी काढून आणली. पंधरा-वीस पानं. वहिनीनं डायनिंग टेबलवर एका बाजूला यादी आणि दुसऱ्या बाजूला पुस्तक ठेवलं. यादीतली एकेक ओळ वाचायची, पुस्तकात शोधायची. सापडली तर यादीवर बरोबरची खूण. नाही सापडली तर गोल. मोबाइल दुरुस्तीपाशी काही गोल झाले, दूरच्या सर्व्हरवर ठेवलेल्या माहितीपाशी झाले, नव्या विंडोजपाशी बरेच झाले. पण खुणा जास्त होत्या. चार दिवसांनी ती म्हणाली, "बदललं तं हाय, पण सगळं नाही बदललं. धूळ तेच, गरमी तेच." नवी आवृत्ती आली तेव्हा तिला कोणती प्रकरणं आधी वाचायची हे ठाऊक होतं. ती थेट गोलांवर गेली. आणि जुनं पुस्तक, कोऱ्या कागदाचं वेष्टन घालून, दुकानदारांना परत देऊन आली.

त्या एप्रिल-मे महिन्यांतलं मला काय काय आठवतं! सकाळी साडेपाचला ती गच्चीत मिरच्या उलटवायची आणि तोंडानं नेटवर्कच्या पोर्टचे क्रमांक म्हणायची. आमच्या शेजारीणबाईंना वाटलं की ती कुठला तरी जप करते. दुपारी कूलरसमोर पुस्तक ठेवलं की पानं फडफडायची, म्हणून तिनं दोन्ही बाजूंना एकेक उलथनं ठेवलेलं. दादा शनिवारी यायचा आणि तिला प्रश्न विचारायचा. त्याला इंग्रजी जेमतेम वाचता यायचं, तरी अक्षर लावून लावून तो वाचायचा, आणि तिनं उत्तर दिल्यावर मागचं पान काढून पडताळायचा. एकदा म्हणाला, "हे मले शेतात कामी येईन का गा?" गा तो कुणाला म्हणाला कोण जाणे, घरात आम्ही दोघी बायकाच होतो. वहिनी म्हणाली, "तुमच्या मोटरचा स्टार्टर बिघडला की पहिले स्वतःले विचारा, काल काय बदललं." दादानं मान डोलावली, जणू मोठ्या माणसाचा सल्ला घ्यावा तशी.

पहिला पेपर ती मेच्या मध्यावर पास झाली. दुसरा नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत आला. रोहिणीचं ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी. मी केंद्राबाहेरच्या झाडाखाली थांबले. निकाल तिथंच पडद्यावर कळतो. ती बाहेर आली, पदरानं तोंड पुसलं, आणि सांगितलं, "थोड्यासाठी गेला, ताई."

आम्ही घरी निघालो. मला रडू येत होतं, ते मी ऊन लागतंय म्हणून लपवलं. घरी आल्यावर तिनं माठातलं पाणी घेतलं आणि केंद्रावर मिळालेला कागद टेबलावर पसरला. त्यावर कोणत्या कोणत्या विषयांत चूक झाली त्याची यादी होती.

"हे पाहा," ती म्हणाली. "कुठं चुकली ते लिहून देल्लं त्यायनं. मले आजपर्यंत कोणी असं लिहून नाही देल्लं. नुसतं चुकलं म्हणून सांगते लोकं."

मी त्या कागदाकडे पाहत राहिले. नापास झाल्याचा कागद असा हातानं सरळ करून वाचताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

तिला आठवत होते ते प्रश्न तिनं मला समजावून सांगितले, आणि आम्हाला कळलं की गडबड मशीनची नव्हती, भाषेची होती. एका प्रश्नात वीज पुरवणाऱ्या डब्यातून जळका वास येत होता, तंत्रज्ञानं काय करावं? तिनं डबा बदलायचं उत्तर दिलं. ते चूक नव्हतं. पण प्रश्नात 'फर्स्ट' असा शब्द होता. सगळ्यात आधी काय? आधी वीज बंद करायची, माणसं बाजूला काढायची. प्रत्यक्षात ती हेच करते. आमच्या संगणकाच्या खोलीत असा वास आला असता तर तिनं मुलांना आधी बाहेर काढलं असतं. पण कागदावर तिनं तो एक शब्द ओलांडला होता. तसेच 'बेस्ट', 'लीस्ट', 'नॉट'.

हे माझं क्षेत्र होतं. त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा खरोखर उपयोगी पडले. पंधरा दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. मी प्रश्न वाचायचे आणि ती उत्तर द्यायच्या आधी प्रश्न नक्की काय मागतोय तेवढंच मराठीत सांगायची. उत्तर द्यायचंच नाही. सुरुवातीला ती वैतागली. "उत्तर येते न मले!" मी म्हणायचे, "येतं. पण त्यांनी ते विचारलंय का?" नंतर नंतर तीच मला थांबवायला लागली. वर्तमानपत्रातलं वाक्य वाचून म्हणायची, "ताई, हे तं कायले उत्तर देऊन राह्यले तेच समजत नाही."

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिनं दुसरा पेपर पुन्हा दिला. या वेळी मी गेले नव्हते, माझं शाळेत काम होतं. ती थेट शाळेत आली. मी स्टाफरूममध्ये वेळापत्रक लावत होते. ती दाराशी उभी राहिली आणि तिनं नुसती होकाराची मान हलवली. मी उठले, पण काही म्हणायच्या आत ती संगणकाच्या खोलीकडे गेली होती. मी मागोमाग गेले तेव्हा तिनं सात नंबरचं झाकण उघडलेलं होतं. सुट्टीभर बंद होतं ते, तिला पाहायचं होतं कसं आहे. शाळा उघडायला चार दिवस उरले होते. एजन्सी आली नाही; खोली वहिनीकडेच राहिली, आता तंत्रज्ञ म्हणून.

त्या संध्याकाळी तिनं दादाला फोन केला. मी ऐकत होते. दादानं विचारलं असावं की कुठल्या क्लासला गेली होतीस असं लोक विचारतील, काय सांगू? वहिनी म्हणाली, "सांगा, पुस्तक पाहून घेतलं होतं."

या वर्षी पुन्हा कूलरला पाणी सोडलं आहे. वहिनीच्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची. ती आता संपत आली. ते वाढवायची सोपी वाट आहे, थोडे ऑनलाइन धडे पाहिले की होतं. ती पुन्हा परीक्षा देणार आहे. "नवीन काय आलं ते मले कळलं पाहिजे न," म्हणते. नवी यादी छापून झाली, गोल काढणं चालू आहे.

मी पुढच्या वर्षी निवृत्त होईन. मागच्या आठवड्यात कपाट आवरताना माझ्या दहावीच्या नोट्स हाती लागल्या, पिवळ्या पडलेल्या, ज्या मी कितीतरी तुकड्यांना लिहून दिल्या. त्यातल्या एका कवितेबद्दल मागच्या वर्षी एका मुलीनं मला विचारलं होतं की कवीनं हे असंच काहून म्हटलं. मी तिला नोट्समधलं उत्तर दिलं होतं. या वेळी मी ते पान काढलं आणि तिचा प्रश्न त्याला विचारून पाहिला. पानावर पाच मुद्दे होते, पाचही बरोबर. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

मी त्या नोट्स बाजूला ठेवल्या आणि कोरी वही घेतली. कविता पुन्हा वाचली, मग पुन्हा. चार दुपारी झाल्या. दीड पान लिहून झालं आहे.